उणे दोन ते अधिक दोन

मार्च महिना उजाडला की आमच्या बँकेत माणसं एकमेकांची विचारपूस करायचं थांबतात आणि एकमेकांचे आकडे विचारू लागतात. ठेवी किती झाल्या, वसुली कुठवर आली, पॉलिस्या किती खपवल्या. टार्गेट वरून येतं. ते ठरवताना खालच्याला कुणी विचारलेलं नसतं, आणि चुकून पुरं झालंच तर बक्षीस म्हणून पुढच्या वर्षी त्याहून मोठं मिळतं. अर्धं आयुष्य काउंटरच्या आतल्या बाजूला गेल्यामुळे कुणी फार तोंड भरून ‘ध्येय’ म्हणालं की मी आधी त्याच्या हातात फाइल आहे का ते बघते.

घरी मात्र ध्येयांचा सुकाळ. आमच्या धाकट्या चिरंजिवांना सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यामुळे पायांचे स्नायू ताठ, हात मनात येईल तेव्हा ऐकणारे, बोलणं सावकाश. डोकं तल्लख आणि तोंड त्याहून तिखट. घरात वॉकर, बाहेर व्हीलचेअर. वय वर्षं पंधरा, म्हणजे आईबाप कमी अकलेचे वाटू लागण्याचं वय. त्यात पाल्सीमुळे एका दिवसाचाही उशीर झाला नाही.

असं मूल घरात असलं की ध्येयं शोधत फिरावं लागत नाही, लोक घरपोच आणून देतात. फिजिओकडून एक, शाळेकडून छापील तक्त्यात चार, आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंकडून एक, जिलबी वाढायच्या आत. तक्ते निरनिराळे, पण सगळ्यांच्या मनात वरच्या ओळीत एकच गोष्ट असते: चालायला कधी लागणार? चिरंजीव लहान असताना कुणी असं विचारलं की माझ्याआधी तेच उत्तर द्यायचे, ‘मंगळवारी.’ बहुतेक लोक गप्प बसायचे. काही जण ‘कुठल्या?’ असंही विचारायचे.

दाखल्याचं तेच. २०१६ च्या कायद्यानं दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानलेत, आणि बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची पायरी ठेवली आहे. तेवढे भरले की एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सूट, परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा, आणि असंच काय काय. आमच्या दाखल्यावर सत्तर आले. जून महिना होता. ह्यांनी जिन्यातूनच फोनवर आपल्या भावाला सांगितलं, ‘सत्तर टक्के मिळाले!’ खालच्या मजल्यावरच्या काकू दार उघडून बाहेर आल्या, ‘अभिनंदन हो! आमच्या नातवाला अडुसष्टच आहेत. कॉमर्सला टाकताय का?’ ह्यांनी बरं म्हणून पेढे आणले. आणलेच आहेत तर सगळ्या जिन्याला वाटले. महाराष्ट्रात टक्के कशाचेही असोत, पेढे वाया जात नाहीत.

शाळेच्या तक्त्यात ‘शर्टाची बटणं स्वतः लावणे’ हे ध्येय वर्षानुवर्षं मुक्कामाला होतं. सकाळी गाडीची घाई, शर्टाला पाच-सहा बटणं, आणि एकेका बटणाशी कुस्ती. अंगठा आणि तर्जनी एकत्र यायला तयार नसतात. आली तर दुसरा हात काज सोडून देतो. तिसऱ्या बटणापर्यंत कपाळावर घाम, आणि पहिलं बटण दुसऱ्याच काजात अडकलंय हे तेव्हा लक्षात यायचं. एके दिवशी मोठ्या लेकीनं डबा भरता भरता विचारलं, ‘बाबांच्या कपाटात टी-शर्ट किती आहेत गं?’ बटणं लावता यावीत, चांगलंच आहे. पण दिवसाची निम्मी ताकद सकाळी साडेसातला बटणात गेली तर गणिताच्या तासाला उरते किती, हा रकाना त्या तक्त्यात नव्हता. खर्चाची बाजू कोरी ठेवून नुसती जमा दाखवलेला हिशेब मला कुठेही खुपतो. त्या दिवसापासून चिरंजीव टी-शर्ट घालतात. लग्नकार्यात झब्ब्याची बटणं आजी लावते आणि त्या निमित्तानं गालाचा मुका घेते, त्याबद्दल त्यांची वेगळी तक्रार आहे.

चालण्याचा निकाल मात्र टी-शर्टाइतका सहज लागला नाही. तो लावला एका आलेखानं. डॉक्टरांनी लॅपटॉप आमच्याकडे वळवला. पडद्यावर पाच वाकड्या रेषा होत्या. कॅनडात ओंटारिओ प्रांतातल्या ६५७ मुलांची हालचाल वेळोवेळी मोजून पीटर रोझेनबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काढल्या. २००२ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात त्या छापून आल्या. पाल्सीच्या मुलांचे हालचालीवरून पाच स्तर धरतात, प्रत्येक स्तराची एक रेष. पहिल्या काही वर्षांत सगळ्या रेषा चढतात, कुणी उंच, कुणी थोडी. आणि शाळेत जायचं वय होईतो सपाट होतात. आमचा स्तर तिसरा: घरात काहीतरी धरून चालणं आणि लांबच्या पल्ल्याला चाकं. चिरंजिवांना सपाटीला लागून तोवर बरेच दिवस झाले होते. व्यायाम सोडायचा नाही, नाहीतर आहे तेही आखडतं, असं डॉक्टरांनी बजावलं. पण रेष आता वर वळेल, मग वळेल, म्हणून तिच्याकडे डोळे लावून बसू नका, असंही सांगितलं.

रिक्षात हे गप्प होते. मी रडेन अशी त्यांना धास्ती असावी. खिशातला रुमाल काढून त्यांनी मांडीवर तयार ठेवला होता. मला तर चक्क हलकं वाटत होतं. इतकी वर्षं घरातली सगळी आशा एकाच ठिकाणी अडकून पडली होती. आता ती मोडून दुसरीकडे गुंतवायला मोकळी झाली. कुठे गुंतवायची ते माहीत नव्हतं, पण मुद्दल शाबूत होतं.

याच रोझेनबॉम साहेबांनी पुढे २०१२ साली यान विलेम गॉर्टर या सहकाऱ्याबरोबर एक लेख लिहिला. अशा मुलांच्या बाबतीत आपण सहा गोष्टींकडे बघूया, असं त्यांचं म्हणणं: रोजचं करणंसवरणं, कुटुंब, तब्येत, मजा, मित्र आणि पुढचं आयुष्य. डॉक्टर लोकांच्या गंभीर नियतकालिकात ‘मजा’ हा मुद्दा म्हणून छापून आला, याचं मला फार अप्रूप वाटलं. आमच्या तक्त्यांमध्ये तोवर मजा फक्त ‘सुट्टी’ या रकान्यात होती. आणि ‘कुटुंब’ हे त्या यादीत होतं, तेही मदतनीस म्हणून नव्हे, स्वतःच्या पायावर.

नव्या फिजिओ मॅडमनी एक मोजपट्टी आणली. १९६८ साली अमेरिकेत मिनेसोटात थॉमस किरेसुक आणि रॉबर्ट शर्मन या दोघांनी मानसिक आरोग्याच्या कामासाठी ही पद्धत काढली; पुढे ती पुनर्वसनातही वापरात आली. पट्टीवर पाच खुणा. मधोमध शून्य, म्हणजे ठरल्या मुदतीत जेवढं होईल अशी रास्त अपेक्षा आहे तेवढं झालं. त्याहून बरं झालं तर अधिक एक, फारच बरं तर अधिक दोन. कमी पडलं तर उणे एक, उणे दोन. आज आहोत ती जागा मॅडम उणे दोनवर धरतात. अट एकच, जे लिहायचं ते तिऱ्हाइताला बघून सांगता आलं पाहिजे. ‘आत्मविश्वास वाढवणे’ चालत नाही. आत्मविश्वास वाढल्यावर माणूस काय करताना दिसेल, ते लिहा.

बँकेत शून्य म्हणजे बोलावणं येतं. इथे शून्य म्हणजे शाबास. मला ही पट्टी तिथल्या तिथे आवडली, आणि मॅडम तिचा एकच कागद घेऊन आल्या होत्या ते खटकलं. मी म्हटलं, आणखी चार द्या. घरात माणसं पाच आहेत.

पाडव्याच्या दुपारी श्रीखंड-पुरीवर आडवा हात मारून झाल्यावर आम्ही कागद वाटले. ही वेळ चुकीची होती. अर्ध्या तासात दोन सदस्य घोरू लागले. पण संध्याकाळपर्यंत पाचही कागद भरले. ह्यांनी लिहिलं होतं, ‘शांत राहणे.’ चिरंजीव म्हणाले, ‘तिऱ्हाइताला दिसलं पाहिजे.’ मग खोडून ‘ऑनलाइन अर्ज भरताना साइट बंद पडली तर टेबलावर हात न आपटणे’ असं झालं. मी लिहिलं, एक नाटक मध्यंतरानंतरचंही बघणे. आमच्याकडे नाटकाचं मध्यंतर झालं की घरून फोन येतो, आणि गेल्या कित्येक नाटकांत खून कुणी केला ते मला माहीत नाही.

सासूबाईंचं प्रकरण जुनं होतं. चिरंजीव तान्हे असतानाच त्या विठोबाला नवस बोलल्या होत्या, पोर चालायला लागलं की पायी वारी करीन. आळंदी ते पंढरपूर, अडीचशे किलोमीटरच्या घरात. त्या वेळी त्यांचे गुडघे धड होते आणि पोराचे होतील अशी खात्री होती. आता दोन्हीकडची परिस्थिती बदलली, नवस तसाच उभा. फेडायचा तर तो चालला पाहिजे. तो चालत नाही म्हणून फेडता येत नाही. न फेडल्यामुळे तर चालत नसेल? ही गुंतवळ त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती. त्या दिवशी कागदावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिली: ‘विठोबाचं देणं.’

मी म्हटलं, ‘अहो आई, नवस बोलताना तुमचे नेमके शब्द काय होते?’

‘चालायला लागला की.’

‘मग, वॉकर धरून दारापर्यंत जातो की नाही?’

सासूबाई विचारात पडल्या. ‘पण तो सोडून चालेल असं मनात होतं.’

‘मनातलं करारात धरत नाहीत,’ हे म्हणाले. जामिनाच्या एका प्रकरणात हात पोळल्यापासून ते कायद्यात पडले आहेत.

चिरंजीव इतका वेळ ऐकत होते. सावकाश, एकेक शब्द जमवत म्हणाले, ‘आजी, जो स्वतः अठ्ठावीस युगं एका विटेवर उभा आहे, तो मला चाल म्हणून कशाला मागे लागेल?’

सासूबाई हसल्या आणि पदरानं डोळे टिपून लगेच कामाला लागल्या. उणे दोन: पालखी टीव्हीवर बघणे. शून्य: पुण्यात पालखी येते त्या दिवशी थोडं अंतर तरी तिच्याबरोबर चालणे. अधिक दोनला त्यांनी एसटीनं पंढरपूर ठेवलं, नातवासकट. सवलतीत तिकीट मिळतं ते कशाला सोडा.

आषाढीच्या आधी माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला निघाली त्या दिवशी आम्ही विश्रांतवाडीला जाऊन थांबलो. गर्दीत खुर्ची कशी न्यायची ही माझी चिंता. सासूबाईंनी खुर्चीचे मागचे दोन्ही दांडे धरले आणि ढकलायला लागल्या. थोड्या वेळानं लक्षात आलं की त्या ढकलत नव्हत्या, टेकून चालत होत्या. गुडघ्यावरचा भार दांड्यांवर. काठी घ्या म्हणून आम्ही वर्षभर मागे लागलो होतो आणि त्यांनी काठीला हात लावला नव्हता. पण नातवाची खुर्ची ढकलण्यात कसला आला कमीपणा? संगमवाडीपर्यंत गेल्या. मध्ये एकदाच थांबल्या, चहाला.

तिथे एक गोष्ट पाहिली. वारीत कुणी कुणाला नावानं, वयानं, पदानं बोलावत नाही, सगळ्यांना माउली. ‘माउली, जरा वाट द्या.’ ‘माउली, चाक सांभाळा.’ याला काय झालंय, जन्मापासून असंच का, औषध काय चालू आहे, यातलं काहीही दिवसभरात कुणी विचारलं नाही. एक म्हातारे वारकरी रीतीप्रमाणे वाकले आणि चिरंजिवांच्या पायाला हात लावून पुढे गेले. चिरंजीव त्यांच्या पाठमोऱ्या टोपीकडे बघत राहिले. म्हणाले, ‘या पायांच्या पाया पडले? अजून चालतसुद्धा नाहीत.’

आता खुद्द चिरंजिवांचा कागद. आम्हाला वाटलं होतं दहावी, निदान संगणक. त्यांनी लिहिलं होतं: ‘आईशिवाय केस कापणे.’

यामागे इतिहास आहे. पाल्सीत दचकण्याची प्रतिक्रिया मोठी असते. अचानक आवाज झाला की आपण जिथे मान वळवतो तिथे त्याचं सगळं अंग ताठ होतं, हात उडतात. कानाजवळ मशीन सुरू झालं की हेच. त्यामुळे लहानपणापासून केस कापताना मी मागे उभी राहून खांदे दाबून धरत आले. समोरच्या भल्याथोरल्या आरशात कात्री, केस आणि मधोमध आईचा चेहरा. पंधराव्या वर्षी कुठल्या मुलाला हे चालेल? त्याचे मित्र सलूनमध्ये जाऊन मोबाइलवर फोटो दाखवतात आणि ‘असा मारा’ म्हणतात. त्याला ‘बारीक करा हो, उन्हाळा आहे’ हे माझं वाक्य ऐकावं लागतं.

खुणा त्यानंच घातल्या. उणे दोन: आई मागे उभी. उणे एक: आई बाकावर, पेपर वाचत. शून्य: आई दुकानाबाहेर. अधिक एक: आई घरी. अधिक दोन: आईला न विचारता केस रंगवणे. मी अधिक दोनवर हरकत घेतली. मॅडमना फोन गेला. त्यांनी सांगितलं, ध्येय ज्याचं त्यानं लिहायचं.

दुकानाला दोन पायऱ्या. ह्यांनी टेप नेऊन मोजल्या, प्रत्येकी सात इंच. व्हीलचेअरच्या उताराला प्रमाण एकास बाराचं लागतं, म्हणजे चौदा इंच चढायला चौदा फूट लांब उतार. हा हिशेब त्यांनी सलूनवाल्या दादांना कागदावर मांडून दाखवला. दादा रस्त्याकडे बघून म्हणाले, ‘साहेब, मग उतार समोरच्या मेडिकलमधून सुरू करावा लागंल.’ आणि आतून एक जुनी फळी आणून शेजारच्या पानवाल्याला हाक मारली. दोघांनी खुर्ची धरून वर घेतली. फळी अजून दाराआड असते. तिचा उतार नियमात बसत नाही, हे दिसेल त्याला सांगायला हे विसरत नाहीत.

मशीनवर तोड दादांनी काढली. आधी मशीन लांब धरून सुरू करायचं, चिरंजिवांच्या हातात द्यायचं, तळहातावर त्याचा थरथराट लागू द्यायचा, मग ‘येतो हां शेठ’ म्हणून मानेशी न्यायचं. अचानक काही नाही. हे फिजिओच्या कुठल्या वर्गात शिकवतात मला माहीत नाही, दादा ते आपल्या हुशारीनं करत होते. दिवाळीच्या आसपास मी बाकावरून दाराबाहेर आले. दाराबाहेरची आई ही पेपरवाल्या आईपेक्षा वाईट, कारण ती काचेतून बघते. तशी लेखी नोंद झाली. मग एका रविवारी पानवाल्यानं आणि चिरंजिवांनी परस्पर ठरवलं आणि मला घरी बसवलं.

परत आले तेव्हा दोन्ही बाजू सफाचट आणि डोक्यावर मधोमध झुपका. सासूबाई दारातच म्हणाल्या, ‘अगंबाई, कोण गेलं?’ रंग नव्हता. अधिक एक.

त्या दिवशी दुकानात एक गिऱ्हाईक होतं. चिरंजिवांचे केस कापून झाल्यावर त्या गृहस्थांनी डोळ्यांत पाणी आणून टाळ्या वाजवल्या म्हणे, ‘बेटा, तुझ्या जिद्दीला सलाम!’ चिरंजिवांनी विचारलं, ‘काका, तुम्हीपण केस कापायलाच आलाय ना?’ आणि त्यांचे कापून होईपर्यंत थांबले. झाल्यावर टाळ्या वाजवल्या. मला हे दादांनी सांगितलं, म्हणून खरं धरते. स्टेला यंग नावाची एक ऑस्ट्रेलियन विनोदी कलावंत होती, स्वतः व्हीलचेअर वापरणारी. २०१४ साली सिडनीतल्या एका भाषणात तिनं सांगितलंय की ती पंधरा वर्षांची असताना गावातल्या कुणीतरी तिचं नाव कर्तबगारीच्या पुरस्कारासाठी सुचवायचं ठरवलं. आईवडील म्हणाले, छान आहे, पण तिनं तसं काही केलेलं नाही. ती शाळेत जायची, टीव्ही बघायची. तिच्या आईवडलांना भेटायला मला आवडलं असतं.

पाचवा कागद मोठ्या लेकीचा. तो तिनं घडी घालून ठेवला होता आणि शेवटी उघडला. बारावीनंतर शिकायला बंगळुरूला जाणे. खाली लहान अक्षरात: ‘आणि सुट्टीत पाहुणीसारखं घरी येणे.’

ही मुलगी शाळेतून आल्यावर दप्तर टाकायच्या आधी भावाच्या बुटांचे पट्टे सोडत आली आहे. भावाचं बोलणं पाहुण्यांना कळलं नाही की ती मागून सांगते, इतकं आपसूक की आम्हालाही ते ऐकू येईनासं झालं होतं. तिच्या वाढदिवसाच्या केकचा पहिला घास त्याला, तिच्या सहलीच्या तारखा त्याच्या ऑपरेशनच्या मागे-पुढे. तिनं कधी कुरकुर केली नाही, आणि ‘किती समंजस आहे’ असं सगळे म्हणत आले. समंजस मुलांचं एक असतं, त्यांना कुणी कागद देत नाही. जेवणाच्या टेबलाशी कुणी काही बोलेना. जो प्रश्न नातेवाईक मोठ्यानं विचारतात आणि आईबाप रात्री पंख्याकडे बघत विचारतात, आपल्यानंतर याचं कोण, तो त्या घडीच्या कागदातून बाहेर येऊन टेबलावर बसला. ती जागा आम्ही न बोलता तिच्या नावे करून ठेवली होती, तिची सही न घेता.

चिरंजीव म्हणाले, ‘तुझी खोली मला.’

‘आणि माझं टेबल?’

‘टेबलपण.’

मग तिची पट्टी दोघांनीच भरली. अधिक दोन: बंगळुरूला गेल्यावर आठ दिवस घरी फोन न करणे. इथेही माझी हरकत फेटाळली गेली.

‘आपल्यानंतर’ हा विषय मात्र पट्टीवर बसेना. तो तिऱ्हाइताला बघून सांगता येत नाही, आणि तपासायच्या वेळी आम्ही हजर नसणार. मग त्याचे तुकडे केले. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अठरा वर्षांनंतर अशा व्यक्तीला कायदेशीर पालक नेमता येतो, त्यासाठी जिल्हा पातळीवर समिती असते. २०१६ च्या कायद्यानं ‘मर्यादित पालकत्व’ आणलं: पालक आणि ती व्यक्ती मिळून ठरवणार, तेही ठरावीक कामापुरतं, ठरावीक काळापुरतं. हे मी समजावून सांगत असताना चिरंजिवांनी विचारलं, ‘ठरवताना मी असणार, तर सही कुणाची?’ म्हटलं, गरज पडेल तिथे दोघांची. म्हणाले, ‘मग आधी सही बसवू.’

सही हे माझं क्षेत्र. ज्याला सही करता येत नाही अशा खातेदाराचा हाताचा किंवा पायाचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर चालतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार माणूस हवा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मी तो उत्साहानं सांगितला. ‘अंगठा नको.’ मग जुन्या डायऱ्यांमध्ये सराव सुरू झाला. पहिलं अक्षर नीट यायचं, दुसऱ्या अक्षरापाशी हात सुटायचा आणि पेन पानाच्या कडेला जायचं. प्रत्येक वेळी निराळ्या दिशेनं, आणि दर वेळी निराळी सही असलेलं खातं म्हणजे बँकेच्या डोक्याला ताप. लेकीनं त्या डायऱ्या चाळल्या आणि म्हणाली, ‘हात सुटतो तिथेच संपव ना.’ आता त्याची सही म्हणजे एक अक्षर आणि उजवीकडे सुटलेली एक झोकदार रेघ. रेघेची लांबी बदलते, झोक बदलत नाही. आमच्या जनरल मॅनेजरची सही याहून वाचनीय नाही.

दहा वर्षांवरच्या मुलाला बचत खातं स्वतः चालवता येतं. माझ्याच शाखेत उघडू म्हटलं. नव्या खात्याचं एक टार्गेटही सुटलं असतं. चिरंजीव तयार होईनात. ‘तू डोकावशील.’ म्हटलं, असं डोकावायला आम्हाला परवानगी नसते. ‘तरी.’ शेवटी खातं आमच्या समोरच्या बँकेत उघडलं. रस्त्यापलीकडे, माझ्या काउंटरवरून त्यांचा उतार दिसतो, आमच्यापेक्षा चांगला आहे. त्यांच्या मॅनेजरनी मला परवा लिफ्टमध्ये गाठून सांगितलं, ‘मॅडम, तुमच्या घरचा ग्राहक फार चौकस आहे हो, मुदत ठेवीचे दर विचारत होता.’

पासबुक त्याच्या खुर्चीच्या मागच्या खिशात असतं. वाढदिवसाचे, पाडव्याचे, आजीनं गुपचूप दिलेले, सगळे पैसे तो तिथे नेतो, पानवाल्याला बरोबर घेऊन. किती झालेत मला माहीत नाही. मी एकदा खुर्ची पुसायच्या निमित्तानं तो खिसा पुसत होते, तर दुसऱ्या दिवशी फ्रिजवर चुंबकाखाली नवीन कागद लागला. वर लिहिलं होतं, ‘आई.’ उणे दोन: पासबुक उघडून बघते. उणे एक: उघडत नाही, पण खुर्ची पुसते. शून्य: बघत नाही, विचारते. अधिक एक: विचारतही नाही. अधिक दोन: पैसे टाकते आणि विचारत नाही.

मला त्यानं उणे एकवर धरलंय. मुदत दिवाळीपर्यंत आहे.